मोज्यांचा दगड

३ मे

बिशप क्रँडल परवा घरी आले, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल दोनदा वाढून घेतलं आणि जाताना म्हणाले, "सिस्टर टोलमन, रोजनिशी लिहीत जा. मन हलकं होतं, आणि पुढे नातवंडांना वाचायला मिळतं." माझी नातवंडं बॉयसी शहरात असतात आणि फोन सोडून काही वाचत नाहीत. पण बिशपांनी वहीच आणून ठेवली, तर आता लिहिते.

मी वेर्ला टोलमन. आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात. वय सहासष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला. नवरा डेलमार गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेला. तो बेटाचा राखणदार होता, त्याच्यानंतर मी आहे. पगार नाही. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ऑफिसने एक टोपी दिली आहे, ती मला कानांपर्यंत येते.

बेट म्हणजे पाण्यातलं नव्हे. कधी काळी लाव्हा वाहत आला, एका टेकाडाला दोन्हीकडून वळसा घालून पुढे गेला आणि थिजला. मधली जमीन तशीच राहिली. त्या काळ्या, चाकूसारख्या दगडांतून आजवर ना गाय आत गेली, ना मेंढी, ना नांगर. त्यामुळे माणसाच्या छातीला लागणारा जुना सेजब्रश, म्हणजे करड्या पानांचं, कडू वासाचं झुडूप, त्याच्या आसऱ्याने वाढणारे गवताचे झुपके आणि झुपक्यांच्या मधली मातीची काळी, पापडासारखी खरपुडी, हे सगळं एका जागी आता फक्त तिथेच दिसतं. बाकी साऱ्या जिल्ह्यात ठकगवत. वसंतात असं हिरवंगार दिसतं की नवखा माणूस खूश होतो. जून संपता संपता वाळून काडी होतं, आणि ठिणगी पडली की कागदासारखं पेटतं. सेजब्रश एकदा जळला की बुंध्यातून परत फुटत नाही. ठकगवत मात्र पुढच्या वर्षी दुप्पट उगवतं. मेल्याचं नाव कुणीतरी बरोबर ठेवलंय.

म्हणून डेलमारचा नियम. लाव्हाच्या कडेला एक सपाट दगड आहे. आत जाणाऱ्याने त्यावर बसायचं, बूट काढायचे, मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक करून वेचायची, पँटचे काठ उलटून झटकायचे, बूट ब्रशने घासायचे. वेचलेलं सगळं डब्यात, आणि डबा घरी आणून चुलीत. मगच पाऊल आत. ऑफिसचा मोठा साहेब आला तेव्हा त्यालाही डेलमारने मोजे काढायला लावले होते. साहेबाच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. आम्ही ही सगळी पूजाअर्चा करेपर्यंत रुफस कंटाळून पुढे निघून जातो आणि आत, आमच्या जेवायच्या जागेपाशी, वाट बघत बसतो.

रुफस म्हणजे डेलमारचा कुत्रा. मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा, झिपऱ्या केसांचा, आता एका डोळ्याने कमी दिसणारा. इस्पितळात शेवटच्या दिवशी डेलमारने माझा हात धरला आणि म्हणाला, "वेर्ला, रुफसला बेटावर..." आणि त्याला खोकला आला. मी म्हटलं, "नेईन रे बाबा, नेहमी नेईन, तू नको काळजी करूस." तो नुसती मान हलवत राहिला. त्या दुपारीच गेला. मी शब्द पाळला आहे. आम्ही दोघं आठवड्यातून तीनदा जातो, बर्फ असेल तेव्हा सोडून.

परवा कॅसरोलमधल्या बटाट्यांना मीठ कमी पडलं होतं. बिशप बोलले नाहीत, पण मला कळलं.

१० मे

जेवणाची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले.

आयोनी आज पाहणीला आली होती. आयोनी एडमो, ऑफिसची झाडाझुडपांची जाणकार बाई. फोर्ट हॉल वस्तीवरची, शोशोनी ह्या इथल्या मूळ जमातीची. त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, तशी मलाही म्हणते. पोरगी गुणी आहे, फक्त कॉफी फार पिते; आमच्या चर्चला ती चालत नाही. दर मे महिन्यात ती लोखंडी चौकट जमिनीवर टाकते आणि चौकटीत काय काय उगवलंय ते टिपते. मी चौकट उचलून देते.

आमच्या जेवायच्या जागेपाशी, डेलमारच्या सेजब्रशखाली (तो सगळ्यांत मोठा आहे, डेलमार त्याच्याच सावलीला बसायचा), ती एकदम थांबली.

"आंटी, इकडे या जरा."

"काय, साप आहे?"

"साप असता तर बरं झालं असतं."

बारीक, लोंबत्या लोंब्यांचं, मऊ गवत. दोन-चार काड्या नव्हेत, चांगली चटई अंथरल्यासारखं. ठकगवत. माझ्या बेटावर!

"गेल्या वर्षी नव्हतं हे," मी म्हटलं.

"गेल्या वर्षी तुम्ही जूनपर्यंत आत आलाच नव्हता, आंटी. आणि मी पलीकडच्या टोकाच्या चौकटी केल्या होत्या." मग ती म्हणाली, "एवढंच असेल तर उपटून निघेल. आणखी दोन वर्षं असंच पसरलं तर मात्र काही उपयोग नाही. एक वीज पडायचा अवकाश, बेट संपलं."

आम्ही संध्याकाळपर्यंत उपटलं. लोंब्या पिकायला आल्या होत्या, हात लावला की बी गळत होतं. रुफस सावलीत लोळत होता. आयोनी मध्येच त्याच्याकडे बघत बसायची. दमली असावी.

डेलमार असता तर काय म्हणाला असता? माझ्या नाकासमोर कुणीतरी मोजे न झटकता आत गेलंय. कोण ते मी शोधून काढणार.

१६ मे

युसेबियोकडे गेले. हा पेरू देशातून आलेला मेंढपाळ, लाव्हाच्या पूर्वेला त्याचं चाकांवरचं घर उभं असतं. त्याचा मालक दुसराच, तो गावात राहतो. माझा पहिला संशय मेंढ्यांवर. मेंढीच्या लोकरीत काय काय अडकतं ते सगळ्या जगाला माहीत आहे.

युसेबियोने उठून मला स्टूल दिलं आणि रुफसला हाडूक. मला तो सेन्योरा म्हणतो, म्हणजे बाईसाहेब. मी सरळ विचारलं, "तुझं कोकरू आत शिरलं होतं का?"

"नाही, सेन्योरा. लाव्हात कोकरू गेलं तर पाय घेऊन परत येत नाही."

"मग तू गेला होतास?"

"डेलमार साहेब होते तेव्हा एकदा. त्यांनी माझे मोजे काढायला लावले."

"बेटावर ठकगवत आलंय. कुसळं काय पंख लावून आली?"

त्याने चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाला, "कुसळ केसाला धरतं, सेन्योरा. केस काय फक्त मेंढीलाच असतात?"

"म्हणजे काय, मला आहेत?"

तो हसला आणि रुफसच्या मानेवरून हात फिरवला. उडवाउडवीची उत्तरं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी आजच्या तारखेला लिहून ठेवते.

२ जून

पूर्ण बेट पालथं घातलं. ठकगवत सगळीकडे नाही, हेच विचित्र आहे. मोज्यांच्या दगडाकडून आत येणाऱ्या पायवाटेच्या कडेने आहे, जेवायच्या जागेपाशी आहे, आणि डेलमारच्या सेजब्रशभोवती आहे. बाकी बेट स्वच्छ. आरसा पुसून ठेवावा तसं.

म्हणजे जो कुणी आहे तो माझ्याच वाटेने येतो, मी बसते तिथेच बसतो आणि जातो. माझ्या पाळतीवर आहे! आयोनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आंटी, आता ऊन वाढलंय. रुफस म्हातारा झालाय. त्याला काही दिवस घरी ठेवलंत तर?"

किती काळजी करते पोरगी. पण मागच्या खेपेला त्याला घरी ठेवलं तर त्याने जाळीचा दरवाजा फाडला आणि शेजाऱ्यांनी सांगितलं की दिवसभर रडत होता. डेलमारला मी काय तोंड दाखवू? तिला म्हटलं, तू कॅमेरा लाव, चोर सापडेल.

डेलमारच्या काळात असं एकदाही झालं नाही. त्याची भक्तीच तशी होती. दर एप्रिलच्या शेवटी तो एकटाच बेटावर जायचा, रुफसलाही न नेता. "देवाशी जरा एकट्याने बोलायचंय," म्हणायचा. गुडघ्यांखाली घालायला बटाट्याचं एक रिकामं गोणपाट न्यायचा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा पँटचे गुडघे मातीने माखलेले असायचे. इतका वेळ गुडघ्यांवर! माझी प्रार्थना पाच मिनिटांत आटपते. घरी आल्यावर तो कोठारामागच्या पिंपात काहीबाही जाळत बसायचा, आणि त्या दिवशी मी त्याला काही विचारायचे नाही.

२० जून

कॅमेऱ्याचे फोटो आले. आयोनी लॅपटॉप घेऊन घरी आली होती. मी तिला लिंबू सरबत दिलं, तिने गाडीतून स्वतःची कॉफी आणली.

फोटोंत एक बिज्जू, दोन हरणं, सेजब्रशमध्ये राहणाऱ्या चार रानकोंबड्या, आणि बाकी सगळ्यांत मी आणि रुफस. मी मोजे वेचतेय आणि रुफस माझ्या पुढून आत जातोय, असे तर कितीतरी.

"दुसरं कुणीच नाही," आयोनी म्हणाली.

"बघ, म्हणजे चोर हुशार आहे. कॅमेरा कुठे लावलाय ते त्याला माहीत आहे. आपल्यातलाच कुणीतरी."

आयोनीने कपाळाला हात लावला. मग विचारलं, "रुफस किती वर्षांचा झाला, आंटी?"

"तेरा. का गं?"

"सहज."

ह्या पोरीचं कामात लक्ष नाही, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

५ जुलै

नणंद लारूकडे काल, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला, सगळे जमलो होतो. आतषबाजीवर बंदी, गवत वाळलंय म्हणून. नुसतं जेवण. लारूने सगळ्यांसमोर ऐकवलं, "वेर्ला, तुझा तो कुत्रा माझ्या नव्या सोफ्यावर झोपला आणि आता जो बसतो तो ओरडून उठतो. किती कुसळं सोडलीत बघ! त्याला विंचरतेस की नाही?"

मी म्हटलं, "तुझ्या भावाचा कुत्रा आहे, लारू. तुझा भाऊ त्याला पलंगावर घ्यायचा."

"माझा भाऊ तर बूट घालूनही झोपायचा."

मी निघून आले. काही बायकांना मयताचीही चाड नसते.

रागाच्या भरात युसेबियोच्या मालकाला फोन केला. त्याला सांगितलं की मेंढ्या बेटाच्या इतक्या जवळ नकोत. त्याला ऑफिसशी भांडण नकोच होतं, लगेच कबूल झाला. युसेबियोला पश्चिमेच्या बाजूला हलवलं आहे. तिथे पाणी नाही, टाकी ओढून न्यावी लागते. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

१३ जुलै

रुफस चार दिवस डोकं एकीकडे कलवून चालत होता, कान खाजवून रक्त काढलं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने कानातून एक अख्खं कुसळ काढलं, शेपटीसकट. मला दाखवून म्हणाल्या, "ठकगवत. ह्या दिवसांत रोज दोन-तीन कुत्री येतात. अंगावर आणखी असणार, विंचरून घ्या."

बघा म्हणजे! बेट पुरलं नाही म्हणून माझ्या कुत्र्याच्या कानात शिरलं. ह्या गवताचा मला इतका संताप आलाय की झोप लागत नाही. रुफसला आज बिस्किट जास्तीचं दिलं.

२५ जुलै

काल चोवीस जुलै, आमच्या चर्चचे पूर्वज इकडे येऊन वसले तो दिवस. गावात मिरवणूक होती. लारूशी अबोला आहे, पण खुर्च्या शेजारी शेजारीच टाकल्या. दुपार कलली तसा पाऊस न येता नुसत्या विजा पडायला लागल्या. पश्चिमेला धूर उठला. ठकगवताची मैलोन् मैल रानं, वारा पाठीशी, आग लाव्हापर्यंत धावत आली. लाव्हाशी थांबणार हे सगळ्यांना माहीत होतं. लारूने माझा हात घट्ट धरला होता आणि मीही सोडला नाही.

आज सकाळी आयोनीचा फोन. आग थांबली, पण ठिणग्या उडाल्या. एक बेटावर पडली.

"किती गेलं?" मी विचारलं.

"थोडं. फार थोडं. युसेबियो पश्चिमेलाच होता, आंटी, आगीच्या सगळ्यांत जवळ. मेंढ्यांच्या टाकीतलं पाणी पाठीवर बांधून लाव्हातून दोनदा आत गेला. बूट फाटले त्याचे."

तो तिथे का होता ते मला माहीत आहे. उद्या-परवा आत सोडणार आहेत.

२८ जुलै

लिहायचंच आहे, म्हणून बसले.

मोज्यांच्या दगडावर बसून मोजे वेचले. हाताला सवय आहे. रुफस पुढे गेला.

डेलमारचा सेजब्रश गेला. काळा बुंधा उरलाय. मी त्याला हात लावला आणि हात काळा झाला. आजूबाजूला बघितलं. आगीत जिथे गवताची चटई होती तेवढीच जागा जळली होती. आम्ही मे महिन्यात उपटलं होतं, तरी जे राहिलं ते वाळून तिला पुरलं. चटईच्या पलीकडे जुने झुपके आणि मधली उघडी खरपुडी. तिथे आगीला खायला काही मिळालं नाही, म्हणून विझली. कडेचे झुपके नुसते करपलेत. म्हणजे ठकगवत कुठे कुठे होतं त्याचा नकाशाच कुणीतरी कोळशाने काढून ठेवला होता. पायवाट. जेवायची जागा. सेजब्रशच्या भोवती एक गोल, जिथे रुफस लोळतो.

आणि त्या गोलातून एक बारीक काळी रेघ निघून लाव्हाच्या भिंतीकडे गेलेली. ही मी आधी कधी बघितली नव्हती, झुपक्यांनी झाकली असणार. रेघेच्या मागे गेले. ती एका कपारीपाशी संपते. कपार माझ्या खांद्यांएवढीही रुंद नाही. आत पावसाचं पाणी साठतं, हात घातला तर खांद्यापर्यंत गेला आणि बोटं ओली झाली. इथे माणूस शिरत नाही. कुठलाही चोर इथे येऊन बसणार नाही.

तेवढ्यात रुफस मागून आला, मला बाजूला सारलं, पोटावर सरकत आत गेला आणि लपलप पाणी प्यायला लागला. रोजचं असल्यासारखं. बाहेर आला, अंग झटकलं आणि माझ्यापाशी बसला.

मी तिथेच खाली बसले आणि त्याच्या पोटाचे केस बाजूला केले. कुसळं. मांडीत कुसळं, शेपटीत, पायांच्या बोटांमध्ये. हाताने काढावीत तेवढी कमीच. मी स्वतःचे मोजे इतकी वर्षं सुईच्या टोकाने साफ करत आले आणि हा माझ्या समोरून आत जात राहिला. मला दिसतच नव्हता. तो माझा हात चाटत होता. मी त्याला जवळ घेऊन मोठ्याने रडले. कुणी ऐकायला नव्हतं म्हणून बरं.

३० जुलै

आयोनीला बोलावून घेतलं. कॉफीही मीच करून दिली. कॉफी करायची कशी ते पाकिटावर वाचलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. "कधीपासून?" मी विचारलं.

"नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षापासून. थोडंसंच होतं तेव्हा, त्या सेजब्रशखाली. मी डेलमारना सांगितलं."

"डेलमारला?"

"ते दगडावर बसून राहिले, आंटी. मग म्हणाले, ह्याला घरी ठेवलं तर झुरून मरेल. म्हणाले, मी दर एप्रिलला, लोंब्या यायच्या आधी, येऊन सगळं उपटून नेतो. एक काडी ठेवणार नाही. कुत्रा म्हातारा आहे, राहून राहून किती राहणार. आणि वेर्लाला सांगू नकोस, ती मला बूट घालून घरात येऊ देत नाही, हे कळलं तर मलाच घरात येऊ देणार नाही."

गोणपाट. गुडघे. पिंपातला जाळ.

"देवाशी बोलतो म्हणायचा!" मी ओरडले. "दर वर्षी डबा भरून द्यायचे मी त्याला. उपाशी प्रार्थना नको म्हणून!"

आयोनी आधी दचकली आणि मग हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. इस्पितळात तो काय सांगत होता ते मला आत्ता कळलं. मी त्याला बोलूच दिलं नाही. मान हलवत होता, ती नाही म्हणून हलवत होता.

"तू मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं. तुलाच चोर ठरवलं असतं."

"मी त्यांना शब्द दिला होता. पण चूक माझीही आहे. ऑफिसला मी सगळं कळवलंय. कुत्रा आत नाही. तुम्ही आत यायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलंय."

"मग?"

"मग एप्रिलला उपटायला माणूस लागेल, आंटी. मला एकटीला नाही जमणार."

८ ऑगस्ट

युसेबियोकडे गेले. घरी भाजलेला ॲपल पाय, तीन जोड नवे मोजे आणि बुटांचा खोका घेऊन. बुटांचा नंबर त्याच्या मालकाला विचारला होता. मालकाला हेही सांगितलं की युसेबियोला परत पूर्वेला जाऊ दे, चूक माझी होती.

युसेबियोसमोर मी म्हटलं, "तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. मला माफ कर."

तो बूट पायात घालून दोन पावलं चालला. "जरा घट्ट आहेत," म्हणाला. मग, "होतील सैल."

त्याने लोकर कातरायची कात्री काढली आणि रुफसला एखाद्या मेंढीसारखं दोन पायांत धरून उताणं केलं. रुफसने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड फिरवलं. केसांचा ढीग निघाला, त्यात कुसळंच कुसळं. ढीग आम्ही तिथेच चुलीत जाळला, वास मात्र भयंकर. कातरलेला रुफस अर्धा राहिलाय, गुलाबी, ठिपक्यांचा. इतका म्हातारा आणि इतका लहान कधी झाला, केसांमुळे समजलंच नव्हतं.

लारूने बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर अगदी डेलमारसारखा दिसतोय अंघोळीनंतर." आमचा अबोला संपला.

१६ नोव्हेंबर

सेजब्रशचं बी पिकलं. ते बेटावरचंच हवं. आयोनी म्हणाली, दुसरीकडचं आणलं तर उगवतं, आणि दोन हिवाळ्यांत मरतं. काढायची पद्धत अशी: झुडपाखाली खोकं धरायचं आणि टेनिसच्या रॅकेटने वरून झोडपायचं. बी म्हणजे नुसती धूळ, नाकात जाते. युसेबियोने रॅकेट आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली. आयोनी म्हणाली, "अरे, चेंडू नाहीये, हळू!" तिघांनी मिळून दोन पोती भुसा-बी काढलं. आमच्या केसांना तो कडू, औषधी वास अजून येतोय. माझ्या मते जगात ह्याच्यासारखा वास दुसरा नाही.

रुफस मोज्यांच्या दगडापाशी दोरीला होता. पहिला तासभर रडला. मी मधूनमधून बाहेर जाऊन बसत होते. शेवटी दगडाला पाठ लावून झोपला.

२१ जानेवारी

बर्फावर बी पेरलं. जळलेल्या जागेवर, मुठीने. बर्फ वितळला की आपोआप मातीला टेकेल. झाकायचं नाही, उकरायचं नाही. आता बघू.

२७ एप्रिल

कोठारातून डेलमारचं गोणपाट काढलं. झटकलं तर त्यातून जुनी मातीच पडली, गवताचं एक मूळ अडकलेलं होतं.

मोज्यांच्या दगडापाशी युसेबियो रुफसला धरून बसला. रुफसचे केस बोटभर वाढलेत. मी मोजे वेचले. रुफस उठला, मी "नाही" म्हटलं, आणि तो बसला. आज रडला नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं, असं काहीतरी मला वाटत होतं. मी आत गेले आणि मागे वळून बघितलं नाही.

आयोनी अर्ध्या भागात, मी अर्ध्या भागात. गोणपाट गुडघ्यांखाली घेतलं. ठकगवत कोवळं आहे, मऊ ओल्या मातीतून मुळासकट येतं. एकेक काडी. दुपारपर्यंत पाठ मोडून गेली. ह्या माणसाने हे दर वर्षी एकट्याने केलं आणि घरी येऊन मला सांगितलं की देव बरा आहे. मला त्याचा राग आहे. इतका राग की तो समोर असता तर आधी बूट काढायला लावले असते आणि मग मिठी मारली असती.

काळ्या बुंध्यापाशी पोचले तेव्हा ठकगवताच्या मध्ये काहीतरी दुसरं दिसलं. दोन करड्या पानांचं, नखाएवढं. बाजूला आणखी एक. बोट लावून वास घेतला. तोच वास. आयोनीला हाक मारली. आम्ही दोघी पोटावर पडून बघत राहिलो.

"जगतील सगळे?" मी विचारलं.

"सगळे नाहीत. पण इथे आपण हे ठकगवत काढत राहिलो तर काही जगतील."

सगळं उपटलं ते गोणपाटात भरलं. बाहेर आले तर रुफस शेपूट हलवत होता. त्याने गोणपाटाला नाक लावून तपासणी केल्यासारखं हुंगलं, आणि मग माझ्या गुडघ्यांना.

घरी येऊन पिंपात जाळ केला. लारू कुंपणापाशी आली. "काय जाळतेस? आणि दिवसभर होतीस कुठे? फोन करून थकले मी."

"बेटावर. देवाशी जरा एकटीने बोलायचं होतं."

लारूने माझ्या पँटकडे बघितलं. "हो, दिसतंय. डेलमारचेही गुडघे असेच असायचे," ती म्हणाली, आणि घरून कॅसरोल आणायला गेली.